विश्वस्त कोणाचा, हिशेब कोणाला?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माझगावपासून शिवडी-वडाळ्यापर्यंत पसरलेल्या गोदीच्या जमिनीला जुने कामगार अजूनही ‘बीपीटी’ असेच म्हणतात. १८७३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे पोर्ट ट्रस्टचे ते लघुरूप. पुढे बॉम्बेचे मुंबई झाले, तरी ‘ट्रस्ट’ हा शब्द आपल्या जागी टिकून होता. २०२१ च्या कायद्याने तोही गेला. आज तेथे मुंबई बंदर प्राधिकरण आहे. नाव बदलल्याने एका रात्रीत सारे काही बदलले, असे आमचे म्हणणे नाही. ‘ट्रस्ट’ असतानाही तेथे सारे आलबेल होते, असेही नाही. परंतु दोन शब्दांतला फरक किरकोळ म्हणून सोडून देण्याजोगा खचितच नाही. ‘प्राधिकरण’ म्हटले की अधिकार कोणाकडे आहे एवढेच कळते. ‘ट्रस्ट’ म्हटले की तो अधिकार कोणासाठी वापरायचा आहे, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

हा प्रश्न शब्दाच्या पोटातच कसा आला, हे समजून घ्यावयाचे तर इंग्लंडच्या इतिहासात पाच-सहा शतके मागे जावे लागेल. विश्वस्त, न्यास, सार्वजनिक निधी, धर्मादाय संस्था हे शब्द आज आपल्या सार्वजनिक जीवनात इतके रुळले आहेत की ते पवित्र वाटू लागले आहेत. कारखानदार स्वतःला समाजाचा विश्वस्त म्हणवतो, शिक्षणसम्राट आपल्या घराण्याला विश्वस्त मंडळ म्हणतो आणि सरकारेही निधी उभारताना न्यासाचे रूप धारण करतात. अशा वेळी या शब्दाचे कुळ आणि मूळ तपासणे हे केवळ पंडिती कुतूहल राहत नाही. ती सार्वजनिक गरज ठरते.

मध्ययुगीन इंग्लंडात जमिनीचा खरा धनी राजा. त्याच्याकडून सरदार, सरदाराकडून दुय्यम सरदार, अशी जमीनधारकांची उतरंड होती. जमीनधारक मेला की वरच्या धन्याचे हक्क जागे होत. वारसाने जमीन हाती घेताना रक्कम भरावी लागे. आपल्याकडे वतनावर नवा वारस आला म्हणजे सरकारात नजर द्यावी लागे, त्यातलाच हा प्रकार. वारस अज्ञान असेल तर त्याच्या जमिनीचे उत्पन्न वयात येईपर्यंत धन्याच्या खिशात जाई, आणि त्याचे लग्न कोणाशी लावावयाचे हेही धनीच ठरवी; तो हक्क बाजारात विकलाही जात असे. भरीस भर म्हणजे राजाच्या न्यायालयांत चालणाऱ्या सामान्य कायद्यानुसार जमीन मृत्युपत्राने कोणाला देता येत नसे. थोरल्या मुलाखेरीज धाकट्या मुलांची आणि मुलींची सोय लावण्याचा मार्गच बंद होता.

यावर जमीनधारकांनी एक तोड काढली. हयातीतच जमीन विश्वासातल्या चार-पाच मित्रांच्या नावे करून द्यावयाची आणि त्यांनी ती आपल्या किंवा आपण सांगू त्याच्या उपयोगासाठी सांभाळावी, असा शब्द घ्यावयाचा. नावावर असलेले अनेक जण एकाच वेळी मरत नाहीत. एक गेला तर दुसरा त्याच्या जागी घेता येतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत जमीनधारक कधी मरतच नाही आणि धन्याचे हक्क कधी जागे होत नाहीत! धर्मयुद्धावर निघालेला सरदार बायकोमुलांसाठी जमीन मित्राच्या हाती सोपवून जातो, ही कथा पाठ्यपुस्तकांत आवडीने सांगितली जाते. परंतु ही पद्धत गावोगाव पसरली ती मुख्यतः देणी टाळण्यासाठी आणि मृत्युपत्राची बंदी चुकवण्यासाठी. विश्वासाच्या या संस्थेचा जन्म करचुकवेगिरीच्या कुशीत झाला, ही गोष्ट तिची स्तोत्रे गाणाऱ्यांनी विसरू नये.

या व्यवस्थेला त्या काळी ‘ट्रस्ट’ म्हणत नसत, ‘यूज’ म्हणत. हा शब्द लॅटिनमधल्या ‘यूसस’ म्हणजे वापर या शब्दावरून आला, असा समज बराच काळ होता. मेटलंड या थोर कायदेइतिहासकाराने १८९४ साली लिहिलेल्या निबंधात त्याचे खरे मूळ दाखवून दिले. ते ‘ओपस’ या शब्दात आहे. ओपस म्हणजे काम. अमुक माणसाने जमीन तमक्याच्या ‘अ‍ॅड ओपस’ धरली आहे, म्हणजे तमक्याच्या कामी धरली आहे. जुन्या फ्रेंच बोलीत या ओपसचे ‘ओएस’ झाले आणि इंग्रजांनी त्याचे ‘यूज’ केले. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याचीही गरज नाही. एखादी वस्तू कोणाच्या ‘कामी येते’ असे आपण रोज म्हणतो. ज्याच्या नावावर जमीन केली तो ‘फिओफी’ आणि ज्याच्या कामी ती धरली तो ‘सेस्तुई क्यू यूज’, अशी बोजड फ्रेंच नावे वकिलांनी रूढ केली. पण त्यांतला अर्थ साधा आहे. नाव एकाचे, काम दुसऱ्याचे.

या रचनेचा आणखी एक उगम अधिक उदात्त, पण तितकाच गमतीचा आहे. १२२४ साली संत फ्रान्सिसचे भिक्षू इंग्लंडात आले. त्यांच्या नियमानुसार व्यक्तीने तर नाहीच, पण संघानेही मालमत्ता बाळगावयाची नव्हती. तरी डोक्यावर छप्पर हवेच. तेव्हा भाविकांनी घरे नगराच्या नावे केली आणि नगराने ती भिक्षूंच्या कामी सांभाळली. मालकी नाही, उपभोग मात्र आहे, हे अपरिग्रहाचे कायदेशीर रूप! पुढे १३२२ साली पोप बाविसावा जॉन याने ही कल्पना अमान्य केली. जी वस्तू खाऊन संपते, तिच्या बाबतीत वापर आणि मालकी वेगळी कशी करणार, असा त्याचा प्रश्न होता. भिक्षूंना तो बोचला. पण मालकी नाकारून उपभोग घेणाऱ्या सर्वांनाच तो आजही विचारता येण्यासारखा आहे.

आता अडचण अशी, की ज्या मित्रांच्या नावे जमीन केली तेच उलटले तर काय करावयाचे? सामान्य कायद्याचे न्यायालय म्हणे, जमीन त्यांच्या नावावर आहे, तेव्हा ती त्यांची. विधवा आणि पोरकी मुले दाद मागण्यासाठी राजाकडे अर्ज करीत आणि राजा ते अर्ज आपल्या चॅन्सेलरकडे पाठवी. त्या काळचे चॅन्सेलर बहुधा धर्मगुरू असत. त्यांना राजाच्या सदसद्विवेकाचे रक्षक म्हटले जाई. पंधराव्या शतकात त्यांनी ठाम भूमिका घेतली. जमीन तुझ्या नावावर असेल, ती आम्ही काढून घेत नाही. पण तू शब्द दिला आहेस आणि तो मोडणे हे तुझ्या विवेकाला धरून नाही. तेव्हा आमच्यासमोर हजर हो, शपथेवर सांग, हिशेब दे; नाही तर तुरुंगात जा. या न्यायपद्धतीला ‘इक्विटी’ म्हणजे समन्याय असे नाव पडले. ट्रस्टचा खरा जन्म येथे झाला, असे आम्हांला वाटते. मित्रावर विश्वास ठेवला तेव्हा नव्हे, तर विश्वासघात झालेल्याला दाद मागता आली तेव्हा. त्याआधी होता तो केवळ भरवसा, आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे आपल्याकडचे शेतकरीही जाणतात.

राजाला मात्र ही व्यवस्था फार जाचत होती, कारण बुडत होते ते मुख्यतः त्याचे उत्पन्न. आठव्या हेन्रीने १५३६ साली ‘यूज’विषयीचा कायदा संसदेतून संमत करून घेतला. ज्याच्या कामी जमीन धरली आहे, तोच यापुढे कायद्याने धारक मानला जाईल, असे त्याने ठरविले. मधला मित्र पुसला गेला आणि राजाची देणी पुन्हा सुरू झाली. जमीनदार खवळले, त्याच वर्षी उत्तर इंग्लंडात जो उठाव झाला त्याच्या गाऱ्हाण्यांत हा कायदाही होता. १५४० साली राजाला माघार घेऊन जमिनीच्या मृत्युपत्राला बऱ्याच अंशी मुभा द्यावी लागली.

वकिलांनीही हार मानली नाही. त्यांनी एका यूजवर दुसरा यूज चढविला. जमीन अ ला, ब च्या कामी, आणि ब ने ती धरावी क च्या कामी. १५५७ साली जेन टिरेल या बाईच्या खटल्यात न्यायालयाने हा दुसरा यूज रद्दबातल ठरविला. परंतु सतराव्या शतकात काळ पालटला. १६६० साली सरंजामी देणी कायद्यानेच संपली. राजाचे नुकसान होण्याचा प्रश्न उरला नाही. मग चॅन्सरीने तोच दुसरा यूज मान्य करण्यास सुरुवात केली, आणि पहिल्यापासून तो वेगळा ओळखू यावा म्हणून त्याला ‘ट्रस्ट’ म्हणण्याचा प्रघात पक्का झाला. विश्वास या अर्थाचा हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स बोलीशी नाते सांगणारा. १५३६ च्या कायद्यातही तो यूजच्या जोडीला येऊन बसला होताच. लॉर्ड नॉटिंगहॅम या चॅन्सेलरने १६७३ ते १६८२ या काळात या शास्त्राची घडी बसविली. पुढे लॉर्ड हार्डविकने थट्टेने म्हटले, की एवढ्या गाजावाजाने केलेल्या कायद्याचा परिणाम काय, तर दस्तऐवजात फार तर तीन शब्दांची भर! जमीनदारवर्गाला स्वतःच्या हिताचा कायदा हवा असला की तो तीन शब्दांत मिळतो. कुळाला आणि कामगाराला त्यासाठी पिढ्या खर्ची घालाव्या लागतात.

तरीही या संस्थेचा इतिहास एवढ्यावरच संपवणे अन्यायाचे होईल. हत्यार धन्यांनी घडविले, पण ते त्यांच्याच हाती राहिले नाही. आरंभी यूजचा उपयोग विधवेचा वाटा बुडविण्यासाठी झाला; जमीन नवऱ्याच्या नावावरच नसल्यामुळे तिला हक्क सांगता येत नसे. परंतु विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा अधिकार कायदा देत नव्हता, त्या काळात तिच्या स्वतंत्र उपयोगासाठी मालमत्ता राखून ठेवण्याचे साधनही ट्रस्टच ठरला. इंग्लंडात १८८२ च्या कायद्याने हा हक्क सर्व विवाहित स्त्रियांना दिला. तोवर तो ट्रस्ट करण्याइतकी ऐपत असलेल्या घरांतल्या मुलींपुरताच होता. आपल्याकडील १८७४ च्या कायद्यानुसार पतीने पत्नीच्या व मुलांच्या नावे काढलेला आयुर्विमा हा ट्रस्ट मानला जातो आणि सावकाराला त्यावर सहसा हात टाकता येत नाही, हे त्याच परंपरेचे फळ आहे. राजसत्तेला नको असलेल्या बंडखोर धर्मपंथांनी आपली प्रार्थनागृहे विश्वस्तांच्या नावे टिकविली. १८७१ च्या कायद्याने इंग्लंडातल्या कामगार संघटनांना मान्यता मिळाली, तेव्हा त्यांचे निधी विश्वस्तांच्याच नावे ठेवले गेले. ज्यांना कायदा ओळख देत नाही, त्यांनाही एकत्र येऊन काही सांभाळता येते, हे बळ या कल्पनेने दिले.

धर्मादायाचेही तसेच. १६०१ साली एलिझाबेथ राणीच्या काळात धर्मादाय निधींविषयीचा कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेत सत्कार्यांची यादी आहे. वृद्ध आणि दरिद्री माणसांना मदत, जायबंदी सैनिकांची सोय, शाळा, अनाथांचे शिक्षण, पूल, रस्ते आणि बंदरे यांची दुरुस्ती, इतकेच काय, करभाराखाली दबलेल्या गरिबांना साहाय्यसुद्धा तिच्यात येते. बंदर हे चारशे वर्षांपूर्वीच विश्वस्त भावनेने सांभाळावयाच्या गोष्टींत गणले गेले होते, याची नोंद घेणे अगत्याचे आहे. पण त्याहून महत्त्वाचे असे, की हा कायदा सत्कार्याचे गुणगान करण्यासाठी झाला नव्हता. असे निधी मधल्या मधे गिळले जात होते, आणि त्यांची चौकशी करणारे आयुक्त नेमणे हा त्याचा मूळ हेतू होता. आपल्या धर्मादाय आयुक्तांचे नाते त्या चौकशीशी आहे.

चौकशी करणाराच चोर निघाला तर? इतिहासाने तोही प्रसंग दाखविला आहे. साउथ सी कंपनीच्या सट्ट्यात चॅन्सरीकडे ठेवलेले पक्षकारांचे पैसे बुडाले, तेव्हा त्या न्यायालयातील पदे विकली जात असल्याचे उघडकीस आले. १७२५ साली खुद्द लॉर्ड चॅन्सेलर मॅकल्सफील्ड याच्यावर संसदेत महाभियोग चालला. तो दोषी ठरला आणि त्याला तीस हजार पौंडांचा दंड झाला. राजाच्या विवेकाचा रक्षकच विवेक विकून बसला होता! पुढच्याच वर्षी त्याचा वारस लॉर्ड किंग याच्यासमोर एक साधा खटला आला. रॉमफर्ड येथील बाजाराच्या उत्पन्नाचा पट्टा एका विश्वस्ताकडे अज्ञान मुलासाठी होता. मुदत संपली, मालक म्हणाला, मुलाला मी पट्टा देणार नाही. तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावे घेतला. त्याने लबाडी केल्याचा आरोप नव्हता. तरीही लॉर्ड किंगने निकाल दिला, की साऱ्या जगात हा पट्टा घेण्यास जर कोणी अपात्र असेल तर तो हा विश्वस्त, आणि नफा मुलाचाच. वरवर पाहता निकाल कठोर वाटतो. पण मुलाला नकार मिळाला की आपला फायदा होतो, असे एकदा विश्वस्ताला कळले, तर मुलासाठी तो किती जीव तोडून प्रयत्न करील? माणूस सज्जन आहे काय, हे कायदा विचारीत नाही. मोहाची वाटच तो बंद करतो. १८८२ च्या भारतीय ट्रस्ट कायद्यात हे तत्त्व आहे. ते किती विश्वस्त मंडळांच्या कार्यालयांत पोहोचले, हा प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारून पाहावा.

आपल्या भाषेत या कल्पनेला नावे देताना जी ओढाताण झाली, तीही उद्बोधक आहे. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत ऋणानंतर लगेच निक्षेप येतो. निक्षेप किंवा न्यास म्हणजे ठेव. परंतु ठेव ज्याने ठेवली त्यालाच परत करावयाची असते. तिसऱ्या कोणासाठी ती सांभाळावयाची, ही ट्रस्टची कल्पना तिच्यात नाही. शाकुंतलातला कण्व मुलीची पाठवणी करताना दुसऱ्याची ठेव परत केल्याचा निःश्वास टाकतो, तेव्हा रसिकांचे डोळे पाणावतात; पण त्या उपमेत ठेवीला स्वतःचा आवाज नाही, हेही ध्यानात घ्यावे. इस्लामी वक्फात मालमत्ता माणसाच्या मालकीतून निघून ईश्वराची होते आणि मुतवल्ली केवळ व्यवस्था पाहतो. ऑक्सफर्डचे मर्टन कॉलेज १२६४ साली स्थापन झाले, त्याच्या नियमांशी वक्फाचे साम्य काही अभ्यासकांनी दाखविले आहे. हिंदू देवस्थानात देव स्वतःच मालक, कायद्याच्या नजरेत व्यक्ती. तेव्हा मठाचा महंत किंवा वक्फाचा मुतवल्ली हा इंग्रजी अर्थाने ट्रस्टी नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२१ साली स्पष्ट केले. स्वतंत्र भारतात मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा करून देऊळ, मठ, वक्फ, शाळा, दवाखाना या सर्वांना एका नोंदवहीत आणले. धर्म कोणताही असो, हिशेब सर्वांनी द्यावयाचा, हे त्या कायद्याचे तत्त्व होते. पुढे वक्फासाठी वेगळे मध्यवर्ती कायदे झाले. तरीही या तत्त्वाची आठवण ठेवणे आवश्यक आहे.

विश्वस्तपद हे ओझे असते, याचे मराठी उदाहरण ताई महाराज प्रकरणाचे आहे. बाबा महाराजांच्या मृत्युपत्रान्वये लोकमान्य टिळकांनी ती जबाबदारी पत्करली, आणि दत्तकाच्या वादापायी त्यांना १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागेपर्यंत वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, फौजदारी खटल्यालाही तोंड द्यावे लागले. आज विश्वस्तपदासाठी जी झुंबड उडते ती पाहता, हे पद ओझ्याचे राहिले नसून लाभाचे झाले आहे, असेच म्हणावे लागते.

शब्दाचा प्रवास कोठवर जातो, हे अमेरिकेने दाखविले. १८८२ मध्येच रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने आपल्या साऱ्या कंपन्यांचे भाग नऊ विश्वस्तांच्या हाती सोपवून तेलाच्या धंद्यावर एकछत्री अंमल बसविला. विश्वासाचा शब्द मक्तेदारीचा पर्याय झाला. तेव्हापासून मक्तेदारीविरोधी कायद्यांना तेथे ‘अँटिट्रस्ट’ कायदे म्हणतात. १८९० च्या अशाच कायद्याखाली १९११ साली ही कंपनी फोडण्यात आली. साम्राज्यांनीही हा शब्द उचलला. १७८३ साली एडमंड बर्कने संसदेत ईस्ट इंडिया कंपनीला बजावले होते, की माणसांवरील सत्ता ही विश्वस्त सत्ता असते आणि उत्तरदायित्व हा तिचा गाभाच आहे. पण १९१९ च्या राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात जित वसाहतींचा कारभार हा ‘सुधारणेचा पवित्र ट्रस्ट’ ठरला, तेव्हा ज्यांच्या नावे तो होता त्यांना विचारलेच गेले नाही. हिशेब मागण्याचा अधिकार ज्याच्यासाठी त्याला नाही, असा ट्रस्ट म्हणजे गुलामीचे सभ्य नाव होय.

या पार्श्वभूमीवर गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेकडे पुन्हा पाहावे लागेल. ‘ट्रस्टी’ या शब्दाचा अर्थ गीतेच्या प्रकाशात आपल्याला अधिक उमगला आणि त्या वेळी स्नेलच्या इक्विटीवरील पुस्तकाची आठवण झाली, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. म्हणजे ही कल्पना निव्वळ साधुत्वातून आलेली नव्हती. एका बॅरिस्टरने ती चॅन्सरीच्या कायद्यातून उचलली होती. धनिकांनी मात्र तिच्यातला कायदा गाळला आणि साधुत्व तेवढे ठेवले. मालकी आमची, विश्वस्त आम्ही, हिशेब आमच्या अंतरात्म्याला! समाजवाद्यांनी या कल्पनेवर कठोर टीका केली, ती रास्तच होती. परंतु प्रा. दांतवाला यांनी तयार केलेला आणि गांधीजींनी दुरुस्त केलेला विश्वस्तवृत्तीचा मसुदा त्या टीकाकारांनीही पुन्हा वाचण्याजोगा आहे. समाजाने स्वतःच्या हितासाठी जेवढी मान्य केली असेल तेवढ्यापलीकडे खाजगी मालकीचा कोणताही हक्क हा मसुदा मानत नाही, आणि मालकीवर कायद्याने नियंत्रण घालण्यास तो आडकाठी करीत नाही. म्हणजे त्या मसुद्यात चॅन्सेलरची खुर्ची आहे. ती रिकामी ठेवली, हा दोष आपला.

आजच्या महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. धर्मादाय रुग्णालयांचे उदाहरण घ्या. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना करांत सूट मिळते. अनेकांना सवलतीने जमीन मिळाली. त्या बदल्यात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. कायदा स्पष्ट आहे. पण रात्री अकरा वाजता अनामत रकमेच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या मजुराला, या इमारतीचा ‘सेस्तुई क्यू यूज’ आपणच आहोत, हे कोण सांगणार? तो स्वतःला याचक समजतो, आणि रुग्णालय स्वतःला दाता. इतिहास नेमका उलट आहे. न्यासाच्या मालमत्तेत विश्वस्ताचे फक्त नाव असते. काम त्या मजुराचे असते.

सरकारेही याला अपवाद नाहीत. मार्च २०२० मध्ये महामारीच्या काळात पीएम केअर्स निधी सार्वजनिक धर्मादाय न्यास म्हणून नोंदला गेला. पंतप्रधान त्याचे पदसिद्ध अध्यक्ष आणि तीन ज्येष्ठ मंत्री विश्वस्त. तरीही हा सरकारचा निधी नव्हे, आणि माहिती अधिकार कायदा त्याला लागू नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयात घेतली गेली. त्याची तपासणी महालेखापालांकडे नाही. हेतूंविषयी आम्हांला येथे वाद घालावयाचा नाही. पण ज्या कायदेशीर रूपाचा जन्मच हिशेब मागता यावा म्हणून झाला, तेच रूप हिशेबापासून अंतर राखण्याच्या कामी यावे, हा पाचशे वर्षांच्या इतिहासाचा उपहास आहे. याउलट १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या काठच्या वनजमिनीच्या प्रकरणात, नद्या, किनारे, वने ही राज्याची मालमत्ता नसून जनतेसाठी सांभाळावयाची ठेव आहे, असे म्हटले आणि सार्वजनिक न्यासाचा सिद्धान्त भारतीय कायद्याचा भाग मानला. हीच त्या शब्दाची खरी सरळ रेषा होय.

म्हणून आमचे म्हणणे असे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांना पुरेसे निरीक्षक आणि लेखापरीक्षक मिळाले पाहिजेत. प्रत्येक सार्वजनिक न्यासाचा वार्षिक हिशेब, त्याच्या विश्वस्तांची परस्पर नाती आणि त्यांनी न्यासाशी केलेले व्यवहार लोकांना विनासायास पाहता आले पाहिजेत. धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटांचा रोजचा तक्ता दारावर लागला पाहिजे. विद्यार्थी, पालक, रुग्ण, भाविक, कामगार यांना, म्हणजे ज्यांच्या कामी हे न्यास आहेत त्यांना, दाद मागण्यासाठी परवानग्यांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत. आणि गोदीच्या जमिनीवर उद्या जे काही उभे राहील, ते कोणाच्या कामी, हे उभे राहण्याआधी विचारले गेले पाहिजे. पाटीवर ट्रस्ट असो वा प्राधिकरण.

विश्वास ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु चॅन्सरीच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या विधवांना आणि पोरक्या मुलांना विश्वासाची कमतरता नव्हती. त्यांच्या घरच्यांनी विश्वास ठेवला होता म्हणूनच तर त्या तेथे आल्या होत्या. त्यांनी मागितला तो हिशेब. आपणही तोच मागितला पाहिजे.